हा बँड ओरिजिनल आहे की नुसताच गाजवलेला? रॉक, कॉपी आणि हाईप, सोप्या भाषेत

गेल्या गणपतीत दुसऱ्या रात्री भजन आटपलं, काळ्या वाटाण्याची उसळ आणि पाव खाऊन बुवा आणि मंडळी पुढच्या घरी गेली, आणि आमच्या पडवीत पोरांचा वाद सुरू झाला. माझा पुतण्या इंजिनिअरिंगला आहे, त्याने आणि कॉलेजच्या तीन मित्रांनी मिळून रॉक बँड काढलाय, दोन गिटार, एक बेस आणि एक ड्रमवाला. जानेवारीत एका कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये त्यांनी स्वतः लिहिलेलं मराठी गाणं वाजवलं तर परीक्षकांनी माईक हातात घेऊन सगळ्यांसमोर सांगितलं की ही ग्रेटा व्हॅन फ्लीट ह्या नव्या अमेरिकन बँडची कॉपी आहे आणि ते स्वतः लेड झेपेलिन ह्या जुन्या इंग्लिश बँडची कॉपी आहेत, म्हणजे ही झेरॉक्सची झेरॉक्स झाली. पोरगा सात-आठ महिने ते वाक्य मनात घेऊन फिरत होता. त्या रात्री म्हणाला, "काका, सगळा आधीच कोणीतरी वाजवून ठेवलेला आसा, मगे आमी वाजवूचा काय?"

मला ते फार लागलं. मी गावच्या भजनात पेटी वाजवतो, वीसेक वर्षं झाली, आणि त्याआधी मुंबईत नोकरीला असताना मिळतील तिथून रॉकच्या कॅसेटी गोळा करायचो, त्यामुळे हे दोन्ही जग मला आपलंच वाटतं. चटईवर पेटी तशीच पडली होती ती पुढे ओढली आणि पहाटे अडीचपर्यंत आम्ही बसलो. तेव्हा जे तुटक तुटक सांगितलं ते इथे नीट लिहितोय, कारण "हा बँड ओरिजिनल नाही" आणि "ह्याला मीडियाने डोक्यावर बसवलाय" ही दोन वाक्यं हल्ली कुठल्याही नव्या बँडबद्दल ऐकू येतात आणि दोन्हीचा अर्थ काय ते कोणी थांबून विचारत नाही.

आधी गाणं सुटं करून बघू

गाण्यात थर असतात. चाल म्हणजे गळ्यातून येणारी सुरावट, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. कॉर्ड म्हणजे तीन किंवा जास्त सूर एकदम वाजवणं. रिफ म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा, ज्याच्यावरून गाणं दोन सेकंदात ओळखू येतं. आणि साऊंड म्हणजे एकूण बाज, गिटार किती फाटलेली वाजतेय, ड्रम किती घुमतोय, गाणारा किती वरच्या पट्टीत जातोय हे सगळं मिळून. बस, एवढे शब्द पुरे.

आता पेटी असेल तर करून बघा. पांढरी एकचा सा धरा. सा, ग, प एकदम दाबा, चार मात्रा. मग प, नी आणि वरचा रे, चार मात्रा. मग ध, वरचा सा, वरचा ग. मग म, ध आणि वरचा सा. परत पहिल्यापासून. त्या रात्री मी एवढंच फिरवत राहिलो आणि पुतण्याने त्यावर एक इंग्रजी गाणं गुणगुणलं, त्याच्या मित्राने दुसरं म्हटलं, माझी भाची झोपाळलेली होती तिने उठून त्यावरच एक हिंदी गाणं सुरू केलं आणि सगळी बरोब्बर बसली. ह्या चार कॉर्डवर जगात शेकडो गाणी आहेत. त्या कोणाच्या बापाच्या नाहीत. त्यांच्यावर मालकी सांगायची म्हणजे तीनतालावर किंवा भजनी ठेक्यावर मालकी सांगण्यासारखं आहे.

कायदाही तेच म्हणतो. आपला १९५७ चा कॉपीराईट कायदा असो नाहीतर अमेरिकेतला, तत्त्व एकच: नुसत्या कल्पनेवर हक्क नसतो, ती कल्पना ज्या ठरावीक रूपात मांडली त्या रूपावर असतो. म्हणजे चाल आणि शब्द कुणाचेतरी असतात, पण "तसला आवाज काढणं" किंवा "तसल्या बाजात वाजवणं" ह्यावर कॉपीराईट नसतो. आणि गंमत बघा, लोक बँडला कॉपी म्हणतात तेव्हा दहातल्या नऊ वेळा ते साऊंडबद्दलच बोलत असतात, कारण कानाला सगळ्यात आधी तोच लागतो. चाल वेगळी आहे हे कळायला गाणं तीन-चार वेळा ऐकावं लागतं.

पण जुने बँड तरी ओरिजिनल होते ना?

हा पहिला आक्षेप, आणि मला वाटतं इथेच सगळा विषय आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रॉकची मुळं ब्लूजमध्ये आहेत. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या काळ्या लोकांनी शेतात राबताना, चर्चमध्ये गाताना जे संगीत घडवलं त्यातून ब्लूज आला. त्याचा साधा साचा म्हणजे चार मात्रांची बारा आवर्तनं आणि तीन कॉर्ड. गाणारा एक ओळ म्हणतो, गिटार उत्तर देते, तो तीच ओळ परत म्हणतो, परत उत्तर, मग तिसऱ्या ओळीत गोष्ट पुरी होते. आता आपलं गाऱ्हाणं आठवा. घालणारा "बा देवा म्हाराजा" म्हणून सुरू करतो, एक वाक्य म्हणतो, सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात, पुढचं वाक्य, परत "व्हय म्हाराजा". साचा अख्ख्या जिल्ह्यात एकच. पण आमच्या वाडीतले जे म्हातारे गाऱ्हाणं घालायचे त्यांचं गाऱ्हाणं ऐकायला शेजारच्या गावचे यायचे, कारण कुठे थांबायचं, कोणाचं दुखणं कोणत्या शब्दात देवापुढे ठेवायचं, मुंबईच्या चाकरमान्यांना त्यात कसं गोवायचं ते त्यांचं स्वतःचं होतं. त्यांनी दुसऱ्याचं चोरलं असं कोणी कधी म्हटलं नाही.

लेड झेपेलिन ह्याच ब्लूजवर वाढलेला इंग्लिश बँड. साचा घेतला तिथपर्यंत ठीक. पण त्यांनी काही ठिकाणी साच्याच्या पलीकडे जाऊन शब्दही घेतले. त्यांचं १९६९ चं 'होल लॉटा लव्ह' घ्या. विली डिक्सन ह्या शिकागोच्या गीतकाराने लिहिलेलं आणि मडी वॉटर्स ह्या ब्लूज गायकाने १९६२ साली गायलेलं एक गाणं आहे, त्यातले शब्द ह्यात आले आणि रेकॉर्डवर डिक्सनचं नाव नव्हतं. त्याने १९८५ ला दावा लावला, १९८७ ला तडजोड झाली, नंतरच्या छपाईत त्याचं नाव आलं. ह्यात मला राग येतो तो पैशापेक्षा ह्याचा की मधली अठरा वर्षं ज्या माणसाचे शब्द जगभर गाजत होते त्याचं नाव ऐकणाऱ्याला माहीतच नव्हतं.

आणि लगेच उलटी बाजू. ह्याच बँडच्या 'स्टेअरवे टू हेवन' ह्या १९७१ च्या गाण्यावर खटला झाला, की त्याची सुरुवात स्पिरिट नावाच्या बँडच्या १९६८ च्या 'टॉरस' वरून घेतलीय. ती सुरुवात पेटीवर अशी: ध, कोमल ध, प, तीव्र म, शुद्ध म. एकेक पायरी खाली उतरत जाते. दोन्हीत आहे, ऐकलं की साम्य लगेच जाणवतं. पण ही खाली उतरण्याची पद्धत तीनशे वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या संगीतातही सापडते. २०१६ ला ज्युरीने झेपेलिनच्या बाजूने निकाल दिला, मध्ये अपिलात तो हलला, २०२० च्या मार्चमध्ये मोठ्या बेंचने तो परत कायम केला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने पुढे ऐकायला नकार दिला. म्हणजे एकाच बँडचं एक गाणं उचललेलं आणि दुसरं गाणं नुसतं सारखं वाटणारं. "तो बँडच चोर आहे" असं सरसकट बोलून हे कळत नाही, गाणं गाणं सुटं बघावं लागतं.

अजून एक उदाहरण सांगतो ज्याने डोकं गरगरतं. द व्हर्व्ह ह्या बँडचं 'बिटर स्वीट सिंफनी', १९९७. त्यात रोलिंग स्टोन्स ह्या जुन्या इंग्लिश बँडच्या १९६५ च्या एका गाण्याच्या ऑर्केस्ट्रा रेकॉर्डिंगमधला छोटा तुकडा उचलून लावलाय. ह्यावरून वाद झाला आणि गाणं ज्याने लिहिलं त्या रिचर्ड अॅशक्रॉफ्टच्या हातातून त्याच्याच गाण्याचे लेखनाचे हक्क गेले, नाव लागलं स्टोन्सच्या जॅगर आणि रिचर्ड्सचं. २०१९ ला, बावीस वर्षांनी, त्या दोघांनी ते हक्क परत केले. पण स्टोन्सचं ते मूळ गाणं तरी कुठून आलं? स्टेपल सिंगर्स नावाच्या कुटुंबाने १९५० च्या दशकात रेकॉर्ड केलेल्या एका भक्तिगीतावरून. आणि ते भक्तिगीत त्यांच्याही आधीपासून चर्चमध्ये गायलं जात होतं. आता ह्यात पहिला कोण ते सांगा.

कलम आणि संकर

आमच्याकडे बागवाल्याला हे समजावणं सोपं जातं. हापूसचं कलम कसं बांधतात? रायवळची कोय रुजवून खुंट तयार करायचा, त्यावर चांगल्या हापूस झाडाची काडी बसवायची, प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. खाली मूळ रायवळचं, वर फळ हुबेहूब त्या आईझाडाचं. प्रत्येक हापूस ही कॉपीच आहे आणि ती तशीच हवी असते, कलमाला वेगळंच फळ लागलं तर बागवाला नर्सरीवाल्याकडे भांडायला जाईल.

जो बँड दुसऱ्याची गाणी जशीच्या तशी वाजवतो तो कलम बांधतो. त्यात काही कमीपणा नाही, लोकांना तेच फळ हवं असतं. पण वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून १९८१ ला 'रत्ना' आला तो नीलम आणि हापूसचा संकर होता. दोन्ही आईबाप ओळखीचे, चव मात्र रत्नाची. ओरिजिनल म्हणजे बिनआईबापाचं असं जर कोणी समजत असेल तर तसं आंब्यातही काही नाही आणि रॉकमध्येही नाही. मी गाणं ऐकताना एवढंच बघतो की आईबाप दोन-तीन वेगवेगळे आहेत का एकच, आणि खाल्ल्यावर चव कोणाची आठवते.

बीटल्सचा पहिला अल्बम १९६३ चा, त्यात १४ गाणी, त्यातली ६ दुसऱ्यांची. त्याआधी हॅम्बर्गच्या क्लबांमध्ये ते रोज रात्री तासन् तास दुसऱ्यांची गाणी वाजवायचे. म्हणजे आधी कलम, मग संकर. आपल्याकडे दिल्लीचा ब्लडीवुड हा मेटल (रॉकचाच जास्त जड प्रकार) बँड घ्या, त्यांनी यूट्यूबवर सुरुवात केली ती प्रसिद्ध गाण्यांना मेटलचा अवतार देऊन, लोक हसायचे, आणि २०२२ ला त्यांचा 'रक्षक' हा स्वतःच्या गाण्यांचा अल्बम आला तो जगभर वाजला. पुतण्याला हेच सांगितलं, तू वीस वर्षांचा आहेस, तुझ्या गाण्यात अजून तुझा आवडता बँड ऐकू येतोय ह्याचा अर्थ कान चांगला आहे.

म्हणजे चोरीला चोरी म्हणायचंच नाही?

म्हणायचं ना. चाल उचलली असेल, शब्द उचलले असतील आणि नाव दिलं नसेल तर ती चोरी, आणि मोठ्या बँडने छोट्याची केली तर जास्त वाईट.

पण मध्ये एक धूसर पट्टा आहे. बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनच्या 'माय स्वीट लॉर्ड' ह्या १९७० च्या गाण्याची चाल शिफॉन्स ह्या मुलींच्या ग्रुपच्या १९६३ च्या एका गाण्याशी जुळली आणि १९७६ ला कोर्टाने सांगितलं की त्याने जाणूनबुजून केलं नाही, नकळत डोक्यात बसलेली चाल बाहेर आली, तरी जबाबदारी त्याचीच. मला हा निकाल पटतो. चाली बांधणाऱ्या कुठल्याही बुवाला विचारा, रात्री सुचलेली चाल सकाळी कळतं की अरे ही तर अमक्याची. कोल्डप्ले ह्या इंग्लिश बँडवर गिटारवादक जो सॅट्रियानीने २००८ च्या डिसेंबरमध्ये चाल घेतल्याचा दावा लावला, कोल्डप्लेने साफ नाकारलं, पुढच्या वर्षी ते कोर्टाबाहेर मिटलं. हाच कोल्डप्ले २०२५ च्या जानेवारीत नवी मुंबईत तीन दिवस वाजवून गेला तेव्हा आमच्या गावातलीही चार पोरं गेलेली, त्यांना ह्यातलं काही माहीत नव्हतं आणि माहीत असतं तरी ती गेलीच असती.

आणि टॉम पेटी ह्या अमेरिकन रॉक गायकासारखीही माणसं असतात. द स्ट्रोक्स ह्या बँडने त्याच्या जुन्या गाण्याची गिटार आपल्या 'लास्ट नाईट' मध्ये घेतली हे त्यांनी स्वतःच कबूल केलं, टॉमला त्याचं हसू आलं, खटला-बिटला काही नाही, उलट २००६ च्या त्याच्या दौऱ्यात हेच स्ट्रोक्स त्याच्या आधी वाजवायला होते. नाव घेतलं की अर्धं भांडण तिथेच मिटतं.

हाईप म्हणजे पहिल्या पेटीची बातमी

आता दुसरा भाग. हाईप म्हणजे गाण्यापेक्षा गाण्याबद्दलचा गाजावाजा मोठा होणं.

दरवर्षी वाशीच्या मार्केटात देवगड हापूसची पहिली पेटी पोचली की पेपरात फोटो येतो, पेटीला हार, पेटीची पूजा, भाव किती मिळाला. कोकणातल्या कोणालाही माहीत आहे की त्या पेटीतला आंबा हा सीझनमधला सगळ्यात गोड आंबा नसतो, खरा आंबा खायचा तर एप्रिल-मे बघा. मग बातमी का? कारण पहिली आहे. पेपरला बातमी लागते, व्यापाऱ्याला नाव लागतं, बागायतदाराला भाव लागतो, तिघांची गरज एकाच पेटीत भागते. त्यात कोणी खोटं बोलत नाही आणि तरी चवीबद्दल त्या बातमीत एक शब्द नसतो.

नव्या बँडचं हेच होतं. रेकॉर्ड कंपनी गाणी आधीच पत्रकारांकडे पाठवते, मासिकाला नवीन चेहरा हवाच असतो, रेडिओवाला मासिक बघतो, फेस्टिव्हल भरवणारा रेडिओ ऐकतो, आता त्यात स्ट्रीमिंगवरच्या गाण्यांच्या याद्या आणि रील आल्या, आणि प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघून "हा ह्या वर्षीचा बँड" म्हणतो. आर्क्टिक मंकीज ह्या शेफील्डच्या पोरांनी कार्यक्रमात फुकट सीडी वाटल्या, चाहत्यांनी ती गाणी इंटरनेटवर टाकली, आणि जानेवारी २००६ ला पहिला अल्बम आला तेव्हा ब्रिटनमध्ये पहिल्या आठवड्यात ३ लाख ६३ हजारांवर प्रती गेल्या. तिथे लोकांनी आधी ऐकलं आणि मीडिया मागून पळत आला. म्हणजे हाईप वरून खालीही येते आणि खालून वरही जाते, दोन्हीचा आवाज बाहेरून सारखाच ऐकू येतो म्हणून गोंधळ होतो.

ब्लर आणि ओॲसिसची डबलबारी

डबलबारी कोणाला सांगायला नको, दोन मंडळं समोरासमोर, दोन बुवा, नाक्यावर दोघांचे फोटो लावलेला "जंगी सामना"चा बॅनर. बॅनरवर भजन कोणतं म्हणणार ते लिहिलेलं नसतं, सामना आहे एवढंच लिहिलेलं असतं.

१४ ऑगस्ट १९९५ ला इंग्लंडमध्ये हेच झालं. ब्लर आणि ओॲसिस हे दोन इंग्लिश बँड, दोघांची नवी गाणी एकाच दिवशी बाजारात. हा योगायोग नव्हता, ब्लरच्या बाजूने तारीख मुद्दाम त्या दिवशी आणली. एनएमई साप्ताहिकाने मुखपृष्ठावर बॉक्सिंगच्या सामन्यासारखं छापलं, टीव्हीच्या मुख्य बातम्यांत विषय आला, लंडन विरुद्ध मँचेस्टर, शिकलेले विरुद्ध कामगार वस्तीतले असं रंगवलं गेलं. ब्लरच्या २ लाख ७४ हजार प्रती खपल्या, ओॲसिसच्या २ लाख १६ हजार. ब्लरने सीडी दोन वेगवेगळ्या आवृत्त्यांत काढली होती, म्हणजे पक्का चाहता दोन्ही घेणार, हे लक्षात घेतलं तर आकड्याचा अर्थ जरा बदलतो.

आणि ती दोन गाणी? मी दोन्ही ऐकलीत, दोन्ही बँडची त्याहून कितीतरी चांगली गाणी आहेत. दोन महिन्यांनी ओॲसिसचा जो अल्बम आला तो ब्रिटनच्या इतिहासातल्या सगळ्यात जास्त खपलेल्या अल्बमपैकी एक झाला, आणि तीस वर्षांनी, २०२५ च्या जुलैत, ओॲसिसमधले भांडून वेगळे झालेले दोन भाऊ परत स्टेजवर आले तेव्हा स्टेडियमं भरली. त्या ऑगस्टच्या सामन्यात ते हरले होते हे आता कोणाला आठवावंसुद्धा वाटत नाही.

१.६ गुण आणि ग्रॅमी, दोन्ही एकाच बँडला

परत ग्रेटा व्हॅन फ्लीटकडे येतो कारण पोरांचं दुखणं तिथेच होतं. फ्रँकेनमुथ, मिशिगन, पाचेक हजार वस्तीचं गाव. तीन भाऊ आणि एक मित्र. २०१७ ला गाणी गाजली, गायकाचा आवाज झेपेलिनच्या रॉबर्ट प्लांटसारखा. ऑक्टोबर २०१८ ला त्यांचा पहिला पूर्ण अल्बम आला आणि पिचफोर्क ह्या समीक्षेच्या साईटने त्याला १० पैकी १.६ दिले. चार महिन्यांनी, फेब्रुवारी २०१९ ला, त्यांच्या आधीच्या रेकॉर्डला ग्रॅमी ह्या अमेरिकेतल्या मोठ्या संगीत पुरस्कारांत सर्वोत्तम रॉक अल्बमचं बक्षीस मिळालं.

हे दोन्ही खरं कसं असेल? माझं मत असं की तो १.६ गाण्यांना मिळालेलाच नाही, "रॉक वाचवायला हे आलेत" ह्या गाजावाजाला मिळालेला आहे, आणि ग्रॅमीतही बराचसा वाटा त्याच गाजावाजाचा आहे. शिव्या हीसुद्धा हाईपच असते, उलटी. त्या १.६ मुळे ज्यांनी बँडचं नाव ऐकलं नव्हतं त्यांनीही ऐकलं. मला स्वतःला त्यांची सुरुवातीची गाणी एकाच आईबापाची वाटतात, तो संकर नाही, कलम आहे. पण विशीच्या आसपासची पोरं, आवाज देवाने दिलेला, गळ्याचा पोत बदलून कुठे आणणार? त्यांच्यावर अख्ख्या रॉकचं ओझं टाकलं ते त्यांनी मागितलं नव्हतं.

पण काही बँड तर मुद्दाम बनवलेलेच असतात ना?

हो, असतात, आणि त्यासाठी हल्ली "इंडस्ट्री प्लांट" असा शब्द आलाय, म्हणजे कंपनीने पेरलेला बँड जो आपोआप उगवल्यासारखा दाखवला जातो. लंडनच्या द लास्ट डिनर पार्टी ह्या मुलींच्या बँडवर हा आरोप झाला. त्यांचं पहिलं गाणं यायच्या आधीच, २०२२ च्या उन्हाळ्यात, त्या रोलिंग स्टोन्सच्या हाईड पार्कमधल्या कार्यक्रमात वाजवून आल्या होत्या, मग मोठी कंपनी, मग २०२४ ला अल्बम यायच्या आधीच बक्षिसं. बाहेरून बघणाऱ्याला शंका येणारच. पण त्या लंडनच्या पबमध्ये खेटून उभ्या राहिलेल्या लोकांसमोर वाजवत होत्या, त्याचे व्हिडिओ आहेत. रेकॉर्डिंग आलं नाही म्हणजे मेहनत झाली नाही असा अर्थ लोकांनी काढला, आणि मुलींच्या बँडबद्दल तो जरा जास्तच पटकन काढला जातो हेही खरं.

पैशाने दार उघडतं, ओळखीने उघडतं, मान्य. कंपनी पोस्टर लावू शकते, दुसऱ्यांदा गाणं ऐकायला मात्र कोणालाच भाग पाडू शकत नाही.

आणि माणूसच नसलेला बँड

२०२५ च्या जूनमध्ये द व्हेल्व्हेट सनडाऊन नावाचा बँड आला, सत्तरच्या दशकातला वाटणारा संथ रॉक, चार जणांचे फोटो, महिन्याभरात दोन अल्बम, आणि काही आठवड्यांतच स्पॉटिफाय ह्या गाणी ऐकायच्या ॲपवर महिन्याला दहा लाखांवर ऐकणारे. मग लोकांना फोटो विचित्र वाटले, कार्यक्रम कुठेच झालेला नाही, आणि जुलैत त्यांच्याच पानावर लिहून आलं की हे एआयच्या मदतीने केलेलं आहे.

इथे कुठली चाल चोरली ते दाखवणं कठीण आहे, आणि तरी मला हे सगळ्यात पोकळ वाटतं. लेड झेपेलिनच्या पोरांनी मडी वॉटर्स ऐकला तेव्हा त्यांना काहीतरी झालं होतं म्हणून ते वाजवायला बसले. इथे ऐकणारा कानच नाही. आणि लाखो लोकांच्या कानावर ते आपोआप लागणाऱ्या यादीतून पोचलं, कोणी शोधलं नाही, कोणी मित्राला पाठवलं नाही, पुढचं गाणं म्हणून लागलं आणि लोक भांडी घासत राहिले.

ढोलकी घातली की आपलं होतं का?

शेवटचा आक्षेप पुतण्याच्या ड्रमवाल्याचा होता, की मग आम्ही गाण्यात पखवाज घालतो, मालवणी शब्द घालतो, म्हणजे कोणी कॉपी म्हणणार नाही. मी म्हटलं घाल, पण परीक्षकाला गप्प करायला घालू नको. आपल्या कोकणातल्या जाखडी नाचात बघा, शक्तीवाले आणि तुरेवाले एकमेकांना सवाल टाकतात तेव्हा चाल कितीदा सिनेमाच्या गाण्याची असते, सगळ्यांना माहीत असते, आणि तरी त्या सवालाला जो जवाब शाहीर उभ्या उभ्या बांधतो तो त्याचा असतो, तिथे लोक शिट्ट्या मारतात. आणि उलट, पखवाज नुसता मागे ठेवलेला असतो अशीही फ्यूजन गाणी ऐकलीत, काढून टाकला तरी गाण्याला काही फरक पडत नाही. ज्या वाद्याशिवाय गाणं पडतं ते वाद्य गाण्यात असायला हवं, बाकी सजावट.

मग त्यांचं गाणं परत लावलं, फोनवर, चारदा. सुरुवातीची रिफ खरंच उधारीची होती, मी ती पेटीवर मूळ गाण्याशेजारी वाजवून दाखवली, सूर सूर तेच. पुतण्या गप्प झाला. पण दुसऱ्या कडव्यात, जिथे आजीने होडी परत येईपर्यंत चुलीवरची पेज हलवत ठेवल्याचं येतं, तिथे चाल अशी वळते की मला कुठल्याच बँडचं काही आठवलं नाही, आणि ते परीक्षकांनी ऐकलंच नसणार, तोपर्यंत त्यांचं मत झालं होतं.

दसऱ्याच्या सुट्टीत पोरं परत आली. रिफ काढून टाकली होती, गाणं आता थेट पेजेच्या कडव्याने सुरू होतं, गिटार उशिरा येते. आमच्या मांगरात फोनवर रेकॉर्ड केलं, परतीचा पाऊस पत्र्यावर आपटत होता, तो सगळा रेकॉर्डिंगमध्ये आलाय. मी म्हटलं उघाडी झाली की परत करूया, तर पुतण्या म्हणाला, "नको काका, ऱ्हवांदे."